इंदूरच्या जेल रोडवरून घेतलेलं आर४ कार्ड: डीएस लाइट जिवंत झाली, पण सोबत फुकट मिळालेलं मेमरी कार्ड आधी कचऱ्यात टाका

५ पैकी साडेतीन स्टार. त्यातले अडीच कार्डाचे, वरचा एक दादाच्या जुन्या सेव्हचा (म्हणजे गेम कुठवर आला होता त्या नोंदीचा), ते खाली येईलच.

दिवाळीची साफसफाई चालू होती आणि माळ्यावर बुटांच्या खोक्यात आमची निन्टेन्डो डीएस लाइट सापडली, ते हातात धरून खेळायचं दोन स्क्रीनचं गेमचं यंत्र. २००७ ला मामा न्यू जर्सीहून आला तेव्हा मला आणि दादाला मिळून एकच आणली होती, दोघांत मिळून एक म्हणजे रोज मारामारी, शेवटी आजोबांनी वाटणी करून दिलेली, सम तारखेला दादा विषम तारखेला मी, आणि ३१ नंतर लगेच १ येते म्हणून मला सलग दोन दिवस मिळतात हे दादाच्या लक्षात यायला तीन महिने लागले. असो. पांढरी, उजव्या बिजागरीला चीर गेलेली (या मॉडेलची ती खानदानी चीर आहे, न तुटलेली डीएस लाइट मी फक्त फोटोत पाहिलीय), चार्जर गायब. सोबत कॅसेटी तीन. न्यू सुपर मारिओ ब्रदर्स आणि मारिओ कार्ट डीएसच्या, आणि खालच्या मोठ्या खाचेत जाणारी त्याआधीच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची (जीबीए) पोकेमॉन एमरल्ड, ती दादाची, तिला हात लावायचा नाही.

हो, मी कॅसेटच म्हणणार. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची ती ९९९९ इन १ वाली पिवळी वस्तू कॅसेटच होती आणि चालली नाही की फुंकर मारायची, कार्ट्रिज हा शब्द मी पहिल्यांदा प्रिंटरवाल्याकडून ऐकला.

दादा पुण्याहून वहिनी आणि मुलाला घेऊन आला होता, मुलगा सात वर्षांचा, त्याला दोन स्क्रीनवालं काहीतरी दिसल्यावर तो सोडतोय होय. दीडशे रुपयांची यूएसबीची केबल आणली, तासभर नारिंगी दिवा, मग हिरवा, आणि ती चक्क सुरू झाली. आई म्हणाली "हा डबा अजून जिवंत आहे का?" बॅटरी मात्र सव्वा तासात बसायची, ती नवीन टाकली, मागे एकच स्क्रू असतो, घरी होतं.

मग कार्ड का घ्यावंसं वाटलं. एक तर मारिओ कार्टच्या कॅसेटचा कॉन्टॅक्ट गेलाय, दहा वेळा घातली की दोनदा ओळखते. दुसरं, सात वर्षांच्या मुलाच्या हातात बोटाच्या पेराएवढ्या ओरिजिनल कॅसेटी द्यायच्या म्हणजे त्या सोफ्याच्या फटीत गेल्याच समजा. आणि तिसरं, खरं कारण, मला कॉलेजपासून एकदा हे करून बघायचंच होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लॅश कार्ड म्हणजे डीएसच्या कॅसेटच्याच आकाराची वस्तू, फक्त आत गेमची चिप नसून मागच्या बाजूला मायक्रोएसडी बसायची खाच असते. मेमरी कार्डावर गेमच्या फाइली टाकायच्या, ते कार्डात, कार्ड डीएसमध्ये, चालू केलं की यादी येते, त्यातून गेम निवडायचा. डीएसला वाटतं खरीच कॅसेट बसलीय. सेव्ह म्हणजे गेमच्या नावाची एक छोटी फाइल त्याच मेमरी कार्डावर तयार होते, ती कम्प्युटरवर कॉपी करता येते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी कामाची गोष्ट हीच आहे.

यातलं सगळ्यात गाजलेलं नाव आर४. मूळ आर४ फक्त २ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड घ्यायचं, पुढच्या एसडीएचसीवाल्यांत ३२ जीबी चालतं. पण आज बाजारात आर४ हे कंपनीचं नाव राहिलेलं नाही, ते आपल्या 'इंदोरी शेव'सारखं झालंय, जो तो पाकिटावर छापतो. माझ्या कार्डावर सोनेरी स्टिकर होतं, स्टिकरवर साल होतं, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. स्टिकर तिसऱ्या दिवशी निघालं.

खरेदी जेल रोडवरच्या एका मोबाइल अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्याला स्वतःलाच कळत नव्हतं तो काय विकतोय. मी तीन दुकानांत विचारलं, दोघांनी मला मोबाइलचं कार्ड रीडर दाखवलं, तिसरा म्हणाला मागवून देतो. दहा दिवसांनी आलं. १,३५० रुपये, त्यात १६ जीबीचं मेमरी कार्ड फ्री. आणि वर प्रेमाने, "मॅडम, इसमें सब भर के दे दूँगा, पाँच सौ गेम, फ्री में." मी नको म्हटलं तर त्याला वाईट वाटलं. नको म्हणायचं कारण साधं, ती चोरी आहे, आणि प्रॅक्टिकल कारण हे की असल्या भरून दिलेल्या कार्डांत निम्मे गेम जपानी भाषेतले आणि उरलेल्यांत एकच गेम चार नावांनी असतो, ९९९९ इन १ वाल्यांचा हात अजून गेलेला नाही. बाय द वे, जपानमध्ये टोकियोच्या जिल्हा कोर्टाने फेब्रुवारी २००९ मध्येच आर४सारख्या कार्डांची विक्री थांबवायला लावली होती, तेव्हा हा प्रकार गल्लीतला वाटला तरी कोर्टकचेऱ्या करून आलेला आहे.

माझ्या दोन डीएसच्या कॅसेटींची कॉपी मी मैत्रिणीच्या नवऱ्याकडून काढून घेतली. त्याच्याकडे ३डीएस आहे, डीएसच्या पुढचं यंत्र, त्यात गॉडमोड९ नावाचा प्रोग्रॅम टाकलाय, खरी कॅसेट त्यात घालायची आणि फाइल एसडी कार्डावर उतरवायची. ज्या मारिओसाठी आम्ही घर डोक्यावर घेतलं तो अख्खा ३२ एमबीचा निघाला, हल्ली सुप्रभातचे व्हिडिओ त्याहून मोठे असतात. बदल्यात त्याला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस, वर रबडी त्याने स्वतःच मागितली. मारिओ कार्ट मात्र कॅसेट आठव्यांदा घातल्यावर उतरलं.

आता सेटअप. पाकिटात कार्ड, एक यूएसबीचं रीडर (चालत नाही), आणि वेबसाइटचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. कार्ड स्वतः रिकामं असतं, त्याला चालवणारा प्रोग्रॅम, ज्याला सगळे कर्नल म्हणतात, तो उतरवून मेमरी कार्डावर टाकावा लागतो, आणि चुकीचा टाकलात तर लोडिंग लिहून येतं आणि तुम्ही चहा करून आलात तरी लोडिंगच असतं. मेमरी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट, अलोकेशन साइज ३२ केबी. बस, एवढं केलं, फोल्डर टाकला, चालू झालं. मारिओ पळायला लागला, भाच्याने "आत्याऽऽ" करून किंकाळी मारली, मी सोफ्यावर बसून स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड बंद. म्हणजे दिसतंय, ओळखतंय, पण यादीच्या जागी एक मेसेज, की जुनं झालं, आमच्या साइटवर जाऊन अपडेट करा. साइटवर गेले तर तेच कर्नल जे मी काल टाकलं होतं. परत टाकलं, परत तेच. मी दुकानदाराला फोन करून बोलले बिलले, तो म्हणतो मैडम कल तो चला ना. हो कल तो चला.

दुपारी पोह्यांवर शेव घेता घेता भाचा सहज म्हणाला, आत्या मी तुझं घड्याळ बरोबर करून दिलं.

आणि मग उलगडलं. डीएस इतकी वर्षं मेलेली असल्यामुळे तिचं घड्याळ १ जानेवारी २००० वर येऊन पडलं होतं, मी ओके ओके दाबत पुढे गेले होते. या पोराने सेटिंगमध्ये जाऊन आजची तारीख टाकली, कारण त्याला त्याचा वाढदिवस आला की काय होतं ते बघायचं होतं (डीएस वाढदिवसाला वेगळा आवाज करते, खरंच). आणि असल्या बऱ्याच नकली कार्डांच्या कर्नलमध्ये बनवणाऱ्याने एक तारीख लपवलेली असते, डीएसचं घड्याळ त्या तारखेपुढे गेलं की कर्नल काम करायला नकार देतं. लोक याला टाइम बॉम्ब म्हणतात. हेतू उघड आहे, तुम्ही नवीन कार्ड घ्यावं. कार्ड ठणठणीत, चिप ठणठणीत, फक्त एका ओळीत तारीख लिहून ठेवलीय. इतकी हलकट गोष्ट मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार कमी पाहिलीय, आणि मी प्रिंटर वापरते.

उपाय दोन. तारीख मागे न्या, लगेच चालू होतं, पण मग ज्या गेममध्ये दिवस-रात्र असते त्यात सगळा घोळ. किंवा कंपनीचं कर्नलच काढून टाका. माझं कार्ड आतून डीएसटीटी नावाच्या जुन्या कार्डाची नक्कल निघालं, बऱ्याच आर४ नावाच्या कार्डांचं तेच असतं, आणि त्यावर वायएसमेनू नावाचं दुसरं कर्नल चालतं. ते टाकलं, टाइम बॉम्ब गेला, उलट गेम आधीपेक्षा लवकर उघडायला लागले. आपलं कार्ड कुठल्या जातीचं हे ओळखणं एवढंच कठीण काम आहे, स्टिकरवर अजिबात जाऊ नका, चुकलं तरी काही जळत नाही, मेमरी कार्ड पुसून दुसरं ट्राय करायचं.

आता ते फ्रीचं मेमरी कार्ड. आठवड्याने भाचा मारिओच्या चौथ्या वर्ल्डला पोचला होता, स्वतःच्या बळावर, मी फक्त एक किल्ला काढून दिला. मी त्याच कार्डावर आजीच्या अभंगांच्या एमपी३ भरल्या, बरंच काही भरलं. संध्याकाळी तो खेळायला बसला तर सेव्ह नाही. फाइल आहे, आत कचरा. त्याने रडायला सुरुवात केली ती पार राजवाड्यापर्यंत ऐकू गेली असेल, दादा माझ्याकडे असा बघतोय जसं काही मी कुत्र्याला लाथ मारली. कम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू चालवलं, हा फुकटचा प्रोग्रॅम अख्खं कार्ड भरतो आणि परत वाचून बघतो, तर १६ जीबी लिहिलेल्या कार्डात खरी जागा आठच्याही आत. अशी कार्डं कम्प्युटरला खोटं सांगतात की माझ्यात जागा आहे, जागा संपली की पुढचा डेटा आधीच्यावरच लिहीत जातात किंवा हवेत सोडून देतात. म्हणजे अभंगांनी मारिओ खाल्ला. आजीला सांगितलं तर म्हणाली, बरंच झालं.

तर मेमरी कार्ड स्वतंत्र घ्या, बऱ्या कंपनीचं, बिल घेऊन, आणि घरी आल्यावर पहिलं काम ती टेस्ट. ८ जीबी पुरतं हो, डीएसचा मोठ्यात मोठा गेम ५१२ एमबीचा असतो. हा खर्च धरून मला हे प्रकरण १,८०० ला पडलं. दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही, फ्री का क्या वापस मैडम. इथे त्याचं लॉजिक बरोबर आहे.

बांधणीबद्दल दोन शब्द, दोनच पुरे आहेत, स्वस्त प्लॅस्टिक. ओरिजिनल कॅसेटपेक्षा केसभर जाड, आत जाताना टक् वाजत नाही तर करकर वाजते, बाहेर काढताना नख लागतं. मायक्रोएसडी दाबून बसवायची स्प्रिंग आधीच सैल झाल्यासारखी वाटते म्हणून मी मेमरी कार्ड सारखं काढत नाही. बॅटरी ओरिजिनल कॅसेटपेक्षा लवकर उतरते, पण मुलाला उठवायला निमित्त मिळतं म्हणून वहिनीने यावर तक्रार केली नाही.

गेम सगळे चालतात का? माझे दोन चालतात. पण त्या काळच्या कंपन्यांनी कॉपी ओळखायचे सापळे लावलेले आहेत, आणि ते वाचायला इतके मजेदार आहेत की मला त्या प्रोग्रॅमरांचं कौतुक वाटतं. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइटमध्ये तुमच्या पोकेमॉनला अनुभवाचे पॉइंटच मिळत नाहीत, लढत बसा जन्मभर. मायकल जॅक्सनच्या डीएस गेममध्ये, २०१० चा तो, गाण्यावर वुवुझेला वाजायला लागतात, ते फुटबॉल वर्ल्डकपमधले भोंगे. चांगलं कर्नल यातले बरेच सापळे आपोआप चुकवतं.

गेम सोडून काय काय होतं यात मला जास्त मजा आली. लोकांनी स्वतः लिहिलेले फुकट प्रोग्रॅम असतात, त्याला होमब्रू म्हणतात, आणि ते पूर्ण सरळ मार्गाचं काम आहे. मूनशेल नावाचा प्लेअर आहे, तो एमपी३ वाजवतो आणि डीपीजी नावाच्या फॉरमॅटमध्ये बदलून दिलेले व्हिडिओपण दाखवतो. मी दादाच्या लग्नाचा व्हिडिओ त्यात बसवला, २५६ गुणिले १९२ ठिपक्यांत, मंगलाष्टकं चालू असताना दादा एका अक्षताएवढा दिसतो. देवनागरीत दिलेली फाइलची नावं माझ्याकडे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, इंग्रजीत द्या. कलर्स म्हणून चित्रं काढायचं आहे, पेन जोरात दाबला तर रेघ जाड येते, आजच्या कित्येक स्वस्त टॅबना हे जमत नाही, आणि ही चीज ४ एमबी रॅमवर चालते.

आता दादाचा स्टार.

एमरल्डची कॅसेट घातली की पहिला मेसेज येतो की आतली बॅटरी संपलीय, खेळता येईल पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. सेव्ह शाबूत होता, कारण या कॅसेटचा सेव्ह बॅटरीवर नसून फ्लॅश मेमरीत असतो (त्याच्या आधीच्या गोल्ड-सिल्व्हरवाल्यांचं दुःख मोठं, तिथे बॅटरी गेली की सेव्हच गेला). पण फ्लॅश मेमरी झाली तरी म्हातारी झाली, ती किती वर्षं धरून ठेवेल कोण सांगणार. इथे डीएस लाइटची एक भारी गोष्ट, तिला दोन खाचा आहेत. वरच्या खाचेत आर४, खालच्या खाचेत गेमबॉयची कॅसेट, आणि आर४ वरून जीबीए बॅकअप टूल नावाचा छोटा होमब्रू चालवला की तो खालच्या कॅसेटमधला सेव्ह वाचून वरच्या मेमरी कार्डावर लिहितो. १२८ केबी. दहा-बारा सेकंदांचं काम असेल, मी श्वास धरून बसले होते कारण त्याच प्रोग्रॅममध्ये उलटं, म्हणजे कार्डावरून कॅसेटवर लिहायचीपण सोय आहे आणि चुकीचं बटण दाबलं तर दादाने मला सोडलं नसतं. कृपा करून स्क्रीनवर काय लिहिलंय ते दोनदा वाचा मगच दाबा. मग पूर्ण गेमचीपण कॉपी घेतली, १६ एमबी.

एक लक्षात घ्या, ही गेमबॉयची कॉपी वरच्या खाचेतल्या आर४ वरून परत डीएस लाइटवर खेळता येईल या भ्रमात राहू नका. डीएस जेव्हा गेमबॉय म्हणून चालू होते तेव्हा वरची खाच तिच्या लेखी नसतेच. त्यासाठी खालच्या खाचेचं वेगळं कार्ड लागतं, ईझी-फ्लॅश ओमेगासारखं, ते याच्या कितीतरी पट महाग. वरच्या खाचेतून चालवायचा जीबीएरनर२ नावाचा जुगाड आहे पण तो डीएस लाइटवर लंगडतो.

आणि तुमच्याकडे डीएसआय किंवा ३डीएस असेल तर हे कार्ड घेऊच नका. त्यांना स्वतःची एसडीची खाच आहे, ट्वायलाइट मेनू नावाचा प्रोग्रॅम त्यावरच चालतो, १,३५० वाचले, छप्पन दुकानला जाऊन खाऊन या. निन्टेन्डोच्या नंतरच्या स्विच या यंत्राचंही असलं कार्ड निघालंय म्हणून मला एकाने विचारलं. नको. ते ऑनलाइन यंत्र आहे, निन्टेन्डोला दिसतं, स्विच २ आल्यावर जून २०२५ मध्ये असं कार्ड लावलेल्यांची यंत्रं ऑनलाइनमधून बंद केली गेली. डीएस लाइटला विचारणारं आता कोणी राहिलेलं नाही, तिची ऑनलाइन सर्व्हिस २० मे २०१४ लाच बंद झाली, म्हणून तर हे खेळ करता येतात.

सेव्हची फाइल दादाला पाठवली तोवर तो पुण्याला परत गेला होता. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, लॅपटॉपवर एमजीबीए या गेमबॉयचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. २००९ ला बारावीनंतर पुण्याला जायच्या आदल्या रात्री जिथे सेव्ह केलं होतं तिथेच त्याचा माणूस उभा, १४३ तास खेळलेला. मग एक फोटो आला. त्याच्या टीममध्ये एक स्लेकिंग आहे, तो हात उशाशी घेऊन आडवा पडलेला आळशी पोकेमॉन, एका पाळीला लढतो एका पाळीला लोळतो, आणि त्याचं नाव दादाने इंग्रजी अक्षरांत 'आजोबा' ठेवलेलं. मला हे माहीतच नव्हतं, माझा त्या कॅसेटला हात लावायचा हक्कच नव्हता ना. आजोबा २०१३ ला गेले.

सकाळी फोन आला तर पहिला प्रश्न, ती फाइल अजून कुठे ठेवलीयस. म्हटलं माझ्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि त्या कार्डावर. म्हणाला मेमरी कार्ड कुठलं आहे, ते फ्रीवालं नाही ना?

नाही रे बाबा, नवीन. टेस्ट करून घेतलंय.